गलबतातली घंटा

१. रिकामा हूक

घंटा जागेवर नव्हती.

मिनूने दालनातला एक दिवा लावला, मग दुसरा, मग होते नव्हते तेवढे सगळे लावले. उजेड वाढला म्हणून घंटा थोडीच परत येणार होती! काउंटरवरचा पितळी हूक मोकळाच होता आणि त्याच्याखाली मिनू आ वासून उभी होती.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली, "आता बाबांना काय सांगू?"

संध्याकाळी प्रदर्शन उघडायचं होतं. आमंत्रणं गेली होती, वर्तमानपत्रवाले येणार होते, आणि 'गलबत'ची जुनी मंडळी तर कालपासून नटूनथटून तयार होती. 'गलबत' म्हणजे या शहरातला एकेकाळचा सगळ्यात गाजलेला पब. गंमत बघा, या शहराला समुद्र नाही. धड मोठी नदीसुद्धा नाही. पण ज्या माणसाने तो पब काढला त्याच्या डोक्यात समुद्र असा शिरला होता की विचारू नका. भिंतीला गोल खिडक्या, छताला शिडं, कोपऱ्यात खराखुरा नांगर, आणि स्वतःच्या डोक्यावर कप्तानाची टोपी. लोक त्याला कप्तानच म्हणायचे. त्याने स्वतः आयुष्यात एकदाही बोटीत पाय ठेवला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्याचा सगळ्यात मोठा पराक्रम म्हणजे पबची जमीन. ती त्याने मुद्दाम उतरती करून घेतली होती, एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे. आत पाऊल टाकलं की माणूस किंचित कलायचा आणि न पिताच डुलायला लागायचा. तीस वर्षांपूर्वी ती इमारत पाडली. आज तिथे गाड्या उभ्या करायचा तळ आहे, आणि तिथे गाडी लावणाऱ्या कोणाला काही ठाऊक नाही.

वस्तुसंग्रहालयात काम करणाऱ्या मिनूने दोन वर्षं घासून त्या पबचा इतिहास गोळा केला होता. दालनात तिने सुताराकडून तसाच उतरता मंच करून घेतला, त्यावर मूळ काउंटर आणि मूळ टेबलं मांडली. काल दुपारी रंगीत तालीम झाली तेव्हा तिने चहाचा कप एका टेबलावर ठेवला होता आणि तो अगदी शहाण्यासारखा ठेवल्या जागी राहिला. पण तिची पेन्सिल जमिनीवर पडली आणि गडगडत पार पलीकडच्या भिंतीला जाऊन लागली. सगळे हसले होते. किती छान दिवस होता कालचा!

आणि घंटा? ती कालच आली होती, मिनूच्या बाबांच्या हातून. बाबा 'गलबत'चे बारमन. पब बंद झाला तेव्हा कप्तानाने ती घंटा आपल्याला दिली असं ते सांगत. कप्तान त्यानंतर महिन्याभरात वारले. त्यांच्या मुलाचं म्हणणं एकच होतं: दिली नाही, चोरली.

तीस वर्षं हा शब्द बाबांच्या मागे होता. आणि आज ती घंटा पुन्हा गायब झाली होती.

"मिनूताई," दारातून पहारेकरी हळूच म्हणाला, "राग मानू नका, पण काल जाताना तुमच्या बाबांच्या काखेत घोंगडीची वळकटी होती. चांगली जाडजूड."

२. चिमटा

"घोंगडीत गुंडाळून आणली होती, घोंगडी परत घेऊन गेले! त्यात काय?" मावशी फोनवर ओरडली. "कशाला हात लावू नकोस. कोणाला लावू देऊ नकोस. आलेच."

मिनूची मावशी निवृत्त फौजदार. खात्यात तिला सगळे 'चिमटा' म्हणायचे, कारण समोरच्याच्या तोंडून निसटलेला शब्द तिने एकदा पकडला की तो माणूस मेटाकुटीला येईपर्यंत ती सोडत नसे. हिचं आणि मिनूच्या बाबांचं कधी फारसं जमलं नाही. "दारू ओतणाऱ्याला माझी बहीण दिली" हे वाक्य मिनूने लहानपणापासून ऐकलेलं. पण मिनूची आई गेल्यापासून दर रविवारी ही बाई भावोजींकडे जेवायला यायची, त्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवत दोनदा वाढून घ्यायची.

ती आली ती वाऱ्यासारखी. पर्स मिनूच्या हातात कोंबली आणि चपला काढून तडक मंचावर चढली, एकेका टेबलाखालीही डोकावली.

"घंटा अडकवली कशी होती?"

"वर या हुकात. आणि तिच्या लोलकाला दोरी, लांबलचक. ती खाली काउंटरवरच्या पितळी कडीला बांधलेली. बाबांनी काल स्वतः बांधली."

"कडी कुठाय?"

मिनूने पाहिलं. कडीही नव्हती. तिच्या जागी लाकडात स्क्रूची भोकं तेवढी राहिली होती. सुताराचा स्क्रूड्रायव्हर तिथेच खाली पडलेला.

"कडीसुद्धा नेली?" मिनू चक्रावली.

मावशीचे डोळे चमकले. "ही दोरी कसली होती गं? साधी?"

साधी कसली! कप्तानाचा नियम होता. नेहमीच्या गिऱ्हाइकाला एक दिवस तो काउंटरमागे बोलवायचा, गाठ मारायला शिकवायचा, आणि घंटेच्या दोरीवर स्वतःची एक गाठ मारायला लावायचा. त्या दिवसापासून तो माणूस 'गलबत'चा खलाशी. नोकरचाकरांच्याही गाठी त्या दोरीवर होत्या. प्रत्येकाची गाठ वेगळी, डोळे मिटून हात फिरवला तरी ज्याची त्याला सापडायची.

"म्हणून तर बाबांनी काल सुचवलं," मिनू म्हणाली. "भाषणं नकोत. एकेका खलाशाने यायचं, डोळे मिटून आपली गाठ शोधायची आणि एक टोला द्यायचा. सगळ्यांना इतकं आवडलं! वकीलसाहेबांनी तर टाळ्याच वाजवल्या."

"हे काल ठरलं? त्याआधी कोणालाच माहीत नव्हतं?"

"नाही. घंटाच काल आली ना."

"तालमीनंतर इथे एकटं कोण कोण होतं?"

पहारेकऱ्याने बोटांवर मोजत सांगितलं. बुलबुलबाई, त्यांचं वाद्य आवरत. धाकटे कप्तान, म्हणजे कप्तानाचा मुलगा, भांडून गेले आणि परत येऊन बराच वेळ काउंटरपाशी उभे राहिले. वकीलसाहेब, आपल्या पुस्तकांची खोकी लावत. आणि शेवटी बाबा, दिवे मालवल्यावर दाराशी राहिलेली घोंगडी उचलायला. दालनाला एकच दार, आणि दारात हा स्वतः.

"बाहेर जाताना कोणाच्या हातात काय?"

"बुलबुलबाईंकडे वाद्याची भलीमोठी पेटी. धाकट्या कप्तानांकडे नकाशांची गुंडाळी. वकीलसाहेब हात हलवत गेले. आणि बाबांची... ती वळकटी."

एवढ्यात मिनूचा फोन वाजला. धाकटे कप्तान होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"तुमच्या वडिलांना निरोप द्या," ते म्हणाले. "संध्याकाळी वर्तमानपत्रवाल्यांसमोर मी सगळं बोलणार आहे. एकदा चोरली तेव्हा माझ्या आईने हातापाया पडून मला गप्प बसवलं. आता बसणार नाही."

३. तीन खलाशी

बुलबुलबाईंचं घर जवळच होतं. 'गलबत'मध्ये त्या अकॉर्डियन वाजवायच्या. आता ऐंशीच्या घरात, आवाज घोगरा, पण तोरा राणीचा.

"माझी पेटी उघडून बघायचीय? बघा की!" त्यांनी पेटी पुढे ढकलली. तिचा एक पट्टा तुटला होता, तिथे दोरी बांधलेली. बोलता बोलता त्यांनी दोन बोटांनी ती गाठ सोडली, झाकण उघडून दाखवलं, लावलं, आणि न बघता पुन्हा बांधली. आत अकॉर्डियनच होतं.

"भावोजींबद्दल काय वाटतं तुम्हाला?" मावशीने विचारलं.

"तो? अहो, गिऱ्हाईक जास्त प्यायलं तर त्याच्या ग्लासात गुपचूप पाणी घालून, वर त्याला घरी सोडून यायचा तो! तो चोरी करेल? तुमचं डोकं फिरलंय का?"

"माझं नाही, लोकांचं फिरलंय," मावशी म्हणाली आणि उठली.

धाकटे कप्तान आपल्या नव्या हॉटेलाच्या कामावर भेटले. भिंती अर्ध्या रंगवलेल्या, सगळीकडे धूळ. स्वतः ते भलतेच रागीट. नकाशांची गुंडाळी हातात होती ती त्यांनी रागारागाने सोडली, नकाशा तिथल्या सुताराला दाखवला आणि पुन्हा सुतळी गुंडाळून अशी सफाईने गाठ मारली की मिनू बघतच राहिली. ते डावखुरे होते.

"काल काउंटरपाशी एवढा वेळ काय करत होतात?" मावशीने सरळच विचारलं.

त्यांनी गुंडाळी काखेत मारली. "बघत होतो. घंटेच्या जवळ नाही गेलो. लांबूनच. लहानपणी त्या काउंटरखाली मी झोपायचो." मग लगेच आवाज चढला. "पण त्याने काय होतं? घंटा माझ्या बाबांची होती. ती गेली, आणि बाबा बोलेनासे झाले, आणि मग गेलेच. शेवटी शेवटी एका शब्दाने बोलले नाहीत ते माझ्याशी. या बाईंच्या वडिलांनी तेवढं केलं आमचं!"

मिनू डोळे पुसत पुढे सरसावली. मावशीने तिचा दंड धरून बाहेर आणलं. "रडायचं नाही. अजून एक आहे."

वकीलसाहेब संग्रहालयात, दालनातच सापडले, पुस्तकविक्रीचं टेबल लावताना. उंची सूट, चांदीसारखे केस, बोलणं मधाळ. 'गलबत' बंद झालं तेव्हा लिलावात त्यांनी टेबलं घेतली होती, काउंटर घेतला होता, नांगर घेतला होता. त्यांनी ते सगळं जपलं नसतं तर हे प्रदर्शनच झालं नसतं. आता त्यांनी 'गलबत'च्या आठवणींचं पुस्तक लिहिलं होतं, त्याचंही प्रकाशन आजच.

"फार वाईट झालं हो," ते कळवळून म्हणाले. "मिनूबाई, जरा कात्री देता? छापखान्यातून हे गठ्ठे आलेत, ही सुतळी काही सुटेना."

मिनूने कात्री दिली. त्यांनी सुतळी कापली.

"तुम्ही तर तिथले जुने गिऱ्हाईक," मावशी अगदी गोड आवाजात म्हणाली. मिनूने चमकून पाहिलं, कारण हा आवाज मावशी फार क्वचित काढायची. "मी मेली कधी आत पाऊल नाही टाकलं. सांगा ना, कसं होतं?"

वकीलसाहेब खुलले. "काय सांगू! गोल खिडकीशेजारचं टेबल माझं. रोज संध्याकाळी तिथे. आणि त्या उतरत्या जमिनीची मजा! टेबलावर ग्लास ठेवला की निघालाच तो घसरत! एका हाताने ग्लास धरायचा, दुसऱ्याने शेंगदाण्यांची बशी. कप्तान लांबून हसायचा. म्हणायचा, वादळ आलंय, सांभाळा! आहाहा, काय दिवस होते."

"बाई गं," मावशी म्हणाली. "आणि गाठ? तुमची गाठ कसली होती दोरीवर?"

"गाठ... साधीच होती. आता कुठे आठवतंय? आणि आता काय उपयोग, दोरीच गेली."

"हो ना," मावशी म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र तिने मिनूचा हात इतका घट्ट दाबला की मिनू कळवळली.

"मावशी! काय झालं?"

"सापडला! पण भावोजींना एक प्रश्न विचारल्याशिवाय बोलायची नाही. चल, रिक्षा कर!"

४. बंद दार

बाबा दार उघडेनात.

"मी येत नाही संध्याकाळी," आतून आवाज आला. "त्यांना म्हणावं घ्या माझं नाव. नाहीतरी तीस वर्षं घेतच आहात."

"बाबा, असं काय करता!" मिनू दाराला कपाळ टेकून म्हणाली. "तुम्ही नाही आलात तर सगळ्यांना खरंच वाटेल."

"वाटू दे. मी सांगितलं होतं, कप्तानाने दिली. माझा शब्द पुरेसा नव्हता. आता काय सांगू? सांगायला हातात घंटा तरी आहे का?"

शेवटचा शब्द नीट निघालाच नाही. मिनूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिच्या बाबांना तिने आईच्या वेळेनंतर रडताना ऐकलं नव्हतं. ती पायरीवर मटकन बसली. दोन वर्षांचं काम चुलीत जावो, असं तिला वाटलं. कशाला उकरून काढला आपण हा पब?

मावशीने मात्र दारावर दणका दिला. "भावोजी! नाटकं पुरे! एकच विचारते. कडीला दोरी काल कुठल्या गाठीने बांधलीत?"

आत खुर्ची सरकली. मग बाबा जरा वैतागूनच म्हणाले, "खुंटगाठ. कुठलीही असती तरी काय?"

"सोडायला अवघड?"

"छे! एक टोक ओढलं की सुटली. कप्तान पहिल्या दिवशी तीच शिकवायचा. आमच्याकडे भांडी घासणाऱ्यालाही यायची ती. बुलबुल तर झोपेत सोडेल."

"आणि ज्याला येत नाही त्याला?"

"तो ओढेल तेवढी ती आवळत जाते. मग दिवसभर बसा."

मावशीने मिनूकडे बघून भुवया उडवल्या. "ऐकलंस? भावोजी, दाढी करा. इस्त्रीचा शर्ट घाला. आणि पाच मिनिटांत बाहेर या, नाहीतर मी दार फोडीन. मला फोडता येतं, तुम्हाला ठाऊक आहे."

थोड्या वेळाने कडी निघाल्याचा आवाज झाला.

५. चोराला काय हवं होतं

दुपार कलली होती. दालनात मावशीने सगळ्यांना मंचावरच्या मूळ टेबलांशी बसवलं होतं. बुलबुलबाई ताठ, धाकटे कप्तान हाताची घडी घालून, वकीलसाहेब रुमालाने कपाळ टिपत. बाबा सगळ्यांपासून लांब, दाराशी. धाकट्या कप्तानांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"प्रत्येक जण मला सांगतोय, घंटा चोरली," मावशी म्हणाली. "मी म्हणते, घंटा कोणाला हवी होती? पितळ हवं असणारा माणूस काय करेल? हुकातून घंटा काढेल, दोरी कचकन कापेल आणि पळेल. सुताराची हत्यारं इथेच पडली होती, करवतीसकट. पण या चोराने दोरी कापली नाही. तिचा धागासुद्धा मागे ठेवला नाही. कडी उखडून, कडीसकट अख्खी दोरी नेली. का?"

मावशीने रिकाम्या हुकाकडे बोट केलं.

"कारण त्याला दोरीच नाहीशी करायची होती. अर्धी कापून अर्धी ठेवली असती तरी गाठी मागे राहिल्या असत्या. नुसती दोरी नेली असती तर सगळे दोरीचाच विचार करत बसले असते. घंटा नेली की सगळे घंटेच्या मागे लागतात आणि भावोजींच्या नावाने बोंब मारतात. झालं की नाही तसंच?"

धाकटे कप्तान जागेवर चुळबुळले.

"आता दुसरी गोष्ट. कडी उखडायला स्क्रू काढत बसावं लागलं. दार उघडं, पहारेकरी बाहेर, कोण कधी आत येईल नेम नाही. एवढा धोका कशाला? कडीला खुंटगाठ होती. एक टोक ओढलं की काम झालं! भावोजींनी चोरली असती तर त्यांनी स्वतःचीच गाठ सोडली असती. बुलबुलबाईंनी सकाळी माझ्यासमोर गाठ सोडली आणि बांधली, बोलणं न थांबवता. धाकट्या कप्तानांनी तेच केलं, तेही रागात. 'गलबत'चा कुठलाही माणूस स्क्रूड्रायव्हरला हात लावणार नाही. चोर असा आहे, की ज्याला 'गलबत'ची पहिल्या दिवशीची गाठ सोडता येत नाही, आणि तरी त्या दोरीची ज्याला भीती वाटते. का वाटते? कारण आज संध्याकाळी सगळ्यांसमोर त्याला डोळे मिटून आपली गाठ शोधायला सांगणार होते. आणि त्याची गाठ त्या दोरीवर नाहीच!"

मिनूच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कात्री! तिनेच तर दिली होती सकाळी. तिची मान आपोआप वळली.

"हा काय आरोप आहे?" वकीलसाहेब उठून उभे राहिले. "मी रोज... मला गाठी येत नाहीत, कबूल. म्हणून काय झालं? माझ्या आठवणींचं अख्खं पुस्तक आहे!"

"बसा हो. मिनू, साहेबांना पाणी दे."

मिनूने ग्लास भरून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. ग्लास ठेवल्या जागी राहिला. पाणी हललंसुद्धा नाही.

"घसरला का?" मावशीने विचारलं.

वकीलसाहेब ग्लासाकडे बघत राहिले.

"टेबलाखाली वाका आणि पाय बघा. एका बाजूचे आखूड, एका बाजूचे लांब. जमीन उतरती म्हणून कप्तानाने टेबलांचे पाय तसे कापून घेतले होते. 'गलबत'मध्ये खाली पडलेली वस्तू गडगडायची, टेबलावरची कधीच नाही. यावर ग्लास घसरतो कधी? सपाट जमिनीवर ठेवलं की. म्हणजे तुमच्या घरी, वकीलसाहेब. तुम्हाला हे टेबल फक्त घरात भेटलंय. काल मिनूचा कप इथे जागचा हलला नाही तेव्हा तुमचं सगळं लक्ष खोक्यांवर होतं."

बुलबुलबाई एकदम म्हणाल्या, "अगंबाई! मी पण तेच म्हणतेय! गोल खिडकीपाशी हा बसायचा तर मला आठवत कसा नाही?"

"हात हलवत बाहेर गेला म्हणजे घंटा आतच आहे," मावशी पुढे म्हणाली. "आणि रात्री न खपलेली पुस्तकं हा घरी नेणार, खोक्यांतून. मिनू, विक्रीच्या टेबलाखालचं मागचं खोकं उघड."

मिनू धावली. चिकटपट्टी तिने नखांनी फाडली. वर पुस्तकांचा एक थर, त्याखाली वर्तमानपत्रांचे बोळे, आणि त्याखाली...

"बाबा!" ती किंचाळलीच. "बाबा, आहे! घंटा आहे! दोरी आहे, कडी पण आहे!"

६. शेवटची गाठ

वकीलसाहेब खुर्चीत कोसळले होते. त्यांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"मी समोरच्या बसथांब्यावर उभा राहायचो. रोज. नवीन वकील, ओळखपाळख शून्य, अंगावर उसना कोट. गोल खिडक्यांतून आतले सगळे दिसायचे. हसायचे, डुलायचे. बस यायची, मी जाऊ द्यायचो, पुढची यायची. लिलावात टेबलं घेतली तेव्हा कोणीतरी विचारलं, तुम्ही तिथले का? मी हो म्हणालो. मग तेच सांगत गेलो. इतकी वर्षं सांगितलं की मला स्वतःलाच आठवायला लागलं हो."

बाबा दारापासून पहिल्यांदाच पुढे आले. ज्याच्यामुळे आज त्यांच्या नावाला पुन्हा काळं फासलं जाणार होतं त्या माणसाकडे ते बघत होते. मिनूला वाटलं, आता एक ठेवून देतील. ते देतील तर द्यावी, असंही तिला वाटलं.

"आमचं दार कधीच बंद नव्हतं," बाबा म्हणाले. "आत का नाही आलात?"

वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळाने ते उठले आणि स्वतःच एकेक पुस्तक उचलून खोक्यात परत भरायला लागले. "संध्याकाळी मीच सांगेन सगळ्यांना," ते मान वर न करता म्हणाले. "घंटेचं पण, पुस्तकाचं पण."

पण धाकटे कप्तान उठून काउंटरपाशी गेले होते. मिनूने दोरी काउंटरवर सोडली होती आणि ते वाकून तिच्या खालच्या टोकाकडे बघत होते. कडीच्या जरा वर एक गाठ होती, बाकीच्यांपेक्षा जाड. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"ही उलटी आहे," ते म्हणाले.

"डावखुऱ्या माणसाची. कप्तान डावखुरेच होते," बाबा हळू आवाजात म्हणाले.

"पण माझ्या बाबांची गाठ या दोरीवर नव्हतीच. सगळ्यांच्या होत्या, त्यांचीच नव्हती. मी विचारायचो तर म्हणायचे, कप्तानाने गाठ शेवटी मारायची असते. गलबत दुसऱ्याच्या हाती सोपवताना." त्यांचा आवाज चिरकला. "ही कधी मारली त्यांनी?"

"शेवटच्या दिवशी. सगळे गेल्यावर. इथेच, या काउंटरवर. मारली, आणि घंटा माझ्या हातात दिली. म्हणाले, गलबत पुन्हा उभं राहील त्या दिवशी वाजव, त्याआधी नको. मग दोघांनाही बोलवेना. ते तुझ्यावर रागावून गप्प झाले नव्हते रे. त्यांचं सगळं संपलं होतं, म्हणून गप्प झाले होते."

"मग दाखवलं का नाहीत?" धाकटे कप्तान जवळजवळ ओरडलेच. "तीस वर्षं! एकदा ही गाठ समोर धरली असतीत तर मी..."

"तुला मी खांद्यावर घेऊन फिरलोय," बाबा म्हणाले. "माझ्या मांडीवर झोपलायस तू. तुला माझा शब्द पुरायला हवा होता. गाठ दाखवून खरं ठरायचं नव्हतं मला, तुझ्यापुढे तरी नव्हतं."

मावशी दुसरीकडे बघत होती आणि पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत होती. मिनूने तिला आपला रुमाल दिला.

संध्याकाळी दालन गच्च भरलं. वकीलसाहेब उभे राहिले, अडखळत अडखळत का होईना पण सगळं बोलले, आणि मान खाली घालून मागच्या रांगेत जाऊन बसले. वर्तमानपत्रवाल्यांच्या लेखण्या थांबेनात. मग म्हातारे खलाशी एकामागून एक मंचावर चढले, कलले, हसले. डोळे मिटून दोरीवरून हात फिरवत गेले, आणि गाठ सापडली की लहान मुलांसारखे ओरडले. घंटा वाजत राहिली. बुलबुलबाईंनी टोला दिला तो असा, की पहारेकरी बाहेरून धावत आला.

बाबा काउंटरच्या आत उभे होते. तीस वर्षांनी. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर पांढरा नॅपकिन. मिनूने त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं, तिच्या जन्माआधीचे बाबा होते ते. तिचा ऊर भरून आला.

रांग संपली तेव्हा धाकटे कप्तान पुढे आले. जुनी मंडळी माना उंचावून बघायला लागली, कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. ते मंचावर चढले आणि काउंटरच्या या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी, उभे राहिले. बोलायचं ठरवून आले होते, वर्तमानपत्रवाल्यांसमोर, सगळ्यांसमोर.

"काका," ते एवढंच म्हणाले. "काका, चुकलो मी."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा नॅपकिन काढला, त्यांच्या समोरची काउंटरची जागा एकदा स्वच्छ पुसली आणि विचारलं,

"बस. काय घेणार?"